लटकोबाचं लाल तोंड

एका जंगलात, बाळांनो, अतिशय कंटाळा होता.

हसू नका. वाघ होता, लांडगा होता, हरणं होती, जे जे लागतं ते सगळं होतं. तरी कंटाळा होता. त्याला कारण तिथली रीत. वैशाखात झरे आटले की जंगलात एकच डबकं उरायचं. मग रोज संध्याकाळी तिथे रांग लागायची. रांगेत कुणी कुणाला खायचं नाही आणि वाघोबांचं झाल्याशिवाय कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही. वाघोबा एक घोट घ्यायचे. मिशा झटकायचे. पाण्यात स्वतःला बघून घ्यायचे. मग दुसरा घोट. बाकीचे सगळे आपले ताटकळत उभे.

रांगेत भुरी नावाची एक म्हैस असायची. गावातून वाट चुकून रानात आलेली. सगळे तिला मावशी म्हणायचे. मावशी स्वभावाने गरीब होती आणि हल्ली अंगानेही गरीब होत चालली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. "चक्कर येते रे बाबांनो," एवढंच म्हणायची.

तिच्या डाव्या कानात एक गोचीड राहायची. तिचं नाव गोचीडताई. साधी, सालस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त भुरीच्या कानात.

एका संध्याकाळी टिटवी किंचाळली. ती रोजच किंचाळायची, पण त्या दिवशी तिच्याकडे कारण होतं.

"रक्त! रक्त! मी पाहिलं! वडावरचा लटकोबा! तोंड लालभडक!"

लटकोबा म्हणजे वडावर लटकणारं वटवाघूळ. आता खरं काय ते मी आत्ताच सांगून टाकतो, उगाच ताणून धरणं मला जमत नाही. लटकोबा जांभळं खाऊन आला होता. जांभळं खाल्ल्यावर तुमचं तोंड कसं होतं? आणि शर्ट? आईने काय केलं होतं, आठवतंय ना? तर तसंच त्याचं झालं होतं. त्यात मावळतीचं ऊन पडलेलं.

पण रांग लांब होती आणि वाघोबा अजून दुसऱ्याच घोटावर होते.

"तरीच मावशी वाळत चाललीय!" ससा म्हणाला.

"दिवसभर झोपतो मेला," टिटवी म्हणाली.

"काळा झगा घालून उडतो," लांडगा म्हणाला.

"आणि भुताची पावलं उलटी असतात म्हणे," अस्वल हळूच म्हणालं. "याचं तर अख्खं अंगच उलटं!"

झालं! सगळ्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. सगळे एकमेकांना चिकटले. हरीण लांडग्याला चिकटलं. लांडग्याने हरणाचा खूर घट्ट धरला. आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं सगळ्यांना! वाघोबांचं पाणी पिऊन कधी झालं ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

"अगं बाई, मी तर गारठलेच!" गोचीडताई म्हणाली, आणि घाबरून तिने एक मोठा घोट घेतला. पाण्याचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी सगळे रांगेत लवकर आले. गोष्ट वाढली. लटकोबा म्हणे तीनशे वर्षांचा आहे. त्याला म्हणे आरशात तोंड दिसत नाही. जंगलात आरसा नव्हता, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्याला म्हणे लसणाचा वास सोसत नाही, म्हणून माकडाने गावातून लसणाच्या माळा पळवून आणल्या आणि सगळ्यांच्या गळ्यात घातल्या. मावशीने आपली खाऊन टाकली.

इथवर ठीक होतं. पण चौथ्या दिवशी वाघोबांनी हुकूम काढला. "लटकोबा, उद्या संध्याकाळच्या आत वड सोड."

लटकोबाची बायको झुंबर. तिचे दिवस भरले होते. ती रडायलाच लागली. "अहो, या अवस्थेत मी कुठे जाऊन लटकू?"

लटकोबा तसाच डबक्यावर गेला आणि जवळच्या फांदीला लटकून म्हणाला, "वाघोबा, मी फळं खातो हो. आमच्या सात पिढ्यांत कुणी रक्त चाखलेलं नाही."

"बघू," वाघोबा म्हणाले. त्यांनी आपल्या दुपारच्या जेवणातलं थोडं रक्त पळसाच्या द्रोणात घालून त्याच्यापुढे धरलं.

लटकोबाने द्रोणात पाहिलं. "आई गं," म्हणाला, डोळे पांढरे केले, आणि फांदी सुटून थेट अस्वलाच्या डोक्यावर पडला.

निर्दोष! यापेक्षा जास्त निर्दोष कुणी असूच शकत नाही. तेवढ्यात गुरांच्या पाठीवर फिरणारा ढोरबगळा पुढे आला. त्याने भुरीच्या कानात डोकावून पाहिलं. "रक्त पिणारी इथे बसलीय की."

सगळे कानाभोवती जमले.

"नमस्कार," गोचीडताई म्हणाली. "हो, मीच पिते. तीन महिने झाले."

"तू?" टिटवी म्हणाली. "पंख कुठेत तुझे? आणि झगा?"

"मी साधीच आहे हो."

"मग घाबरवतेस कशी?"

"घाबरवत नाही. नुसतं पिते."

"हॅट्!" सगळ्यांची एवढी निराशा झाली म्हणून सांगू.

"काढू का हिला?" बगळ्याने विचारलं.

"राहू दे रे," मावशी म्हणाली. "कानात कुणी असलं की सोबत होते."

लटकोबाला वड परत मिळाला. पण दुसऱ्या दिवशी रांगेत गोष्टच नव्हती! वाघोबांनी एक घोट घेतला. मिशा झटकल्या. हरणाच्या एकदम लक्षात आलं की आपण लांडग्याला टेकून उभे आहोत. ते सरकलं. ते सरकल्यावर लांडग्याच्याही लक्षात आलं, आणि त्याला भूक लागली. सशाने अस्वलाला विनाकारण जाड्या म्हटलं. तीन दिवसांत रांगेत पार भांडणं जुंपली.

शेवटी सगळे मिळून वडाखाली गेले. टिटवीने पुढे होऊन हात जोडले, म्हणजे पंख.

"लटकोबा, झालं गेलं विसरा. तुम्ही पुन्हा रक्त प्या."

"पण मी कधी प्यायलोच नव्हतो!"

"तेच म्हणतेय मी. पुन्हा तसंच, न पिता प्या."

लटकोबा नाही म्हणणार होता. पण झुंबरने मध्येच विचारलं, "वड कायमचा आमचा?"

"कायमचा. आणि ओढ्याकाठची जांभळीही."

"अहो, ऐकलंत का? आजपासून तुम्ही रक्त पिता."

तेव्हापासून रोज संध्याकाळी लटकोबा जांभळं खाऊन डबक्यावर यायचा. काळे पंख पसरायचा. डोळे गच्च मिटायचा, कारण नुसत्या शब्दानेही त्याला घेरी यायची. आणि ओरडायचा, "रऽऽक्त!" मग काय विचारता! हरणाने लांडग्याच्या कुशीत तोंड लपवलंच समजा. सगळ्यांत मोठ्याने किंचाळायची ती गोचीडताई. तिची जागाही अगदी पुढे असायची, कारण मावशीला लांबचं दिसत नसे म्हणून तिला पुढे उभं करत. ताई आता मोहरीएवढी राहिली नव्हती. चांगली बोराएवढी झाली होती.

झुंबरला पिल्लू झालं. त्याला छातीशी धरून ती पहिल्यांदाच प्रयोग बघायला आली. लटकोबाने पंख पसरले. "रऽऽक्त!" आणि मावशी धाडकन खाली कोसळली.

टाळ्यांचा नुसता कडकडाट! "आज तर खरंच वाटलं!" सगळे ओरडले.

लटकोबाने डोळे उघडले. "अरे थांबा! हे खरंच आहे! तिचा कान बघा! ती गोचीड काढा आधी!"

टाळ्या थांबल्या. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"गोचीड काय मध्येच?" ससा म्हणाला.

"सुरुवात छान होती," लांडगा म्हणाला, "पण शेवट पडला."

"असंच चालणार असेल," टिटवी म्हणाली, "तर वडाचा पुन्हा विचार करावा लागेल."

लटकोबाने झुंबरकडे पाहिलं. पिल्लाकडे पाहिलं. त्याला लाज वाटली, बाळांनो. फार वाटली. मग त्याने पुन्हा डोळे मिटले, पंख पसरले आणि आवाज चढवून म्हणाला, "रऽऽक्त!"

हरीण लांडग्याला चिकटलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मावशीने पडल्या पडल्या एक डोळा उघडला. "आजचा फारच रंगला बाई," ती म्हणाली. "मला तर अजून चक्कर येतेय."

"मलाही," कानातून ताई म्हणाली, आणि तिने घोट घेतला.

तात्पर्य : काळ्या पंखांच्या, लाल तोंडाच्या प्राण्याला खुशाल घाबरावं. प्रकृतीला बरं असतं आणि शेजारपाजारही जवळ येतो. मात्र गोष्ट ऐन रंगात असताना कान खाजला तर खाजवू नये. दुसऱ्यांचा रसभंग होतो.