अक्का, लाइट शे का?

आमच्या शेजारचे भिकननाना कुठंही गेले, की मला फोन लावतात. खुशाली नाही, काही नाही. "अक्का, लाइट शे का?" आहे म्हटलं की फोन बंद.

एकदा चाळीसगावला पुतणीच्या लग्नात आभाळ भरून आलं, तर नाना अक्षता टाकून न जेवताच एरंडोलला परत. मी म्हटलं, "घरी बसून तुम्ही काय लाइट धरून ठेवणार होतात?"

"कॉम्प्युटर बंद पडता ना. कोनीतरी ली ऱ्हायना, अक्का." म्हणजे कोणीतरी घेतंय.

काय घेतंय, तर आमच्या खानदेशातल्या देवीची, कानबाईची गाणी. नानांनी ती कॉम्प्युटरात भरून ठेवली आहेत. जगातले कॉम्प्युटर ती एकमेकांकडून तुकड्यातुकड्यानं घेतात. मधे दुकानदार नाही. ज्याला जेवढं मिळालं, तेवढं तो लगेच पुढच्याला देतो. गल्लीत विरजण फिरतं तसं.

"पण सगळ्यांकडे अर्धवट," नाना सांगत. "बठ्ठं फक्त माझ्याकडे शे. मी बंद केलं की सगळे अडले."

ह्या काळजीनं माणूस वाळला. बटणावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. घरात एकटेच राहतात. हात लावणार कोण?

परवा भर दुपारी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. नाना कॉम्प्युटर पोटाशी धरून माझ्या दारात. माझ्या इन्व्हर्टरवर तो लावला, मोबाइलचं नेट जोडलं. पडद्यावर घेणाऱ्याची एकच ओळ हलत होती. शेजारी झेंडा.

"कुठला हा?"

"जर्मनी."

"तिथं कोणाला हवी कानबाई?"

नाना पडद्याकडेच बघत होते. "दिनेश असेल. त्याची आई गायलीय ना."

दिनेश त्यांचा मुलगा, जर्मनीत असतो. आईच्या दहाव्याला बापलेकाचं वाजलं, तेव्हापासून बोलणं नाही. गल्लीला माहीत आहे.

"मग फोन करा त्याला. विचारा."

"नको. गायला गल्लीतल्या बठ्ठ्या बाया होत्या. कोणीतरी टाकलं असेल, असं त्याला वाटत असेल. मी देतोय कळलं, तर घेणं बंद करील."

मी पडद्याकडे बघितलं. थोडंच राहिलं होतं, पण ओळ गोगलगायीसारखी सरकत होती. तेवढ्यात इन्व्हर्टर टूंटूं करायला लागला. नानांचा चेहरा उतरला.

मी उठले आणि पंखा बंद केला.

"उकडेल, अक्का."

"उकडू द्या," मी म्हटलं.