घराला गोधडी

सिद्रामअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला तळहात लावायचे. माणसांची विचारपूस नंतर. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, "तापलीय." सोलापुरात वैशाखात भिंत तापते, हे सांगायला माणूस कशाला लागतो? मी म्हणायचे, "हात धुवा अण्णा, चुना लागलाय."

आमच्या चाळीत, शेजारच्या खोलीत ते राहायचे. गिरणीत बॉयलरवर कोळसा टाकायचं काम. तिथल्या वाफेच्या नळांना माती आणि सुतळी गुंडाळलेली असायची, ती त्यांच्या डोक्यात बसली होती. "नळाला गोधडी घातली की कोळसा वाचतो. मग घराला का घालू नये?"

"गोधडीनं गरम हुतं की."

"आतलं आत ऱ्हातं, भायेरलं भायेर. गोधडीला काय ठावं ऊन कुठल्या अंगाला हाय."

 

हा नाद उगीच नव्हता. त्यांची बायको वारली होती. एकच मुलगी, शांता, मोहोळला दिलेली. आदल्या उन्हाळ्यात ती तान्हं पोर घेऊन माहेरी आली आणि अण्णांच्या पत्र्याखाली पोराला ताप भरला. व्याही गाडी घेऊन आले. जाताना म्हणाले, "पावनं, ही भट्टी हाय. हितं सून पुन्ना धाडणार न्हाय."

तेव्हापासून अण्णा पत्र्याकडेच बघत बसायचे.

"पावसाळ्यात बोलवा की पोरीला," मी म्हणाले.

"तवा पेरणी असती. कोण धाडतंय?"

मग त्यांनी बेत मांडला. पत्र्यावर कडब्याचा थर, त्यावर पांढरी माती, वजन पेलायला आत लाकडाचे खांब. एवढं सगळं ऐकून मी म्हणाले, त्यापेक्षा ताडाचा पंखा घ्या आणि हलवा.

"खर्च एकदाच, गारवा रोजचा," अण्णा म्हणाले. हे ते जेवताना, चालताना, कुणाच्या मयताला गेले तरी म्हणायचे. "पंखा हलवायचं वाचलं, पत्र्यावर पाणी मारायचं वाचलं. त्या मेहनतीचा कोळसा किती हुतो, सांगा."

"तुमच्या हाताला कोळसा लागत न्हाय, भाकरी लागती."

"भाकरी म्हंजे कोळसाच की, वयनी."

माघात त्यांनी काम उरकलं. एकट्यानं माती मळली, तुडवली, थापली. चाळ हसली, पण फाल्गुनात जो तो दुपारी त्यांच्या खोलीत येऊन पडायचा. अण्णा पाव्हण्यांच्या पायांवरून उड्या मारत आत-बाहेर करायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, "गार हाय न्हवं?" त्यांनी मोहोळला निरोप धाडला. व्याह्यांचं उत्तर आलं: चैत्रात स्वतः येऊन बघतो, मग ठरवतो.

चूक एकच झाली होती. खोलीची मागची बाजू उंच बांधाला टेकलेली, आणि बांधापलीकडे सोनाबाई धनगरणीची शेरडं. कडब्याची टोकं मातीतून बाहेर राहिली होती. व्याही यायच्या आदल्या सकाळी शेरडं बांधावरून सरळ छपरावर गेली आणि कडबा उपसून खाल्ला. त्याबरोबर मातीही घसरली. अर्धा पत्रा उघडा पडला.

अण्णा भांडायला गेले. सोनाबाई म्हणाली, "वैरण वाढून ठेवलीया तुमी, आन् माझ्या शेरडांनी तोंड बांधून बसायचं व्हय?"

अण्णा परत आले. पुन्हा पत्र्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता शांता काही येत नाही.

व्याही आले. भर दुपारी आत बसले, पाणी प्याले, वर बघितलं. वरची माती गेल्याचं आतून काही कळत नव्हतं. तासाभरानं अण्णा कुठूनसे दारात येऊन उभे राहिले, धोतर पिळायच्या आधी असावं तसं ओलंचिंब. व्याही म्हणाले, "घर गार हाय. धाडतो."

शांता आली. पोर पावलं टाकायला लागलं होतं. अण्णांनी गिरणीत रातपाळी मागून घेतली आणि पोरीला सांगितलं, "दुपारी मी देवळात निजतो. तितं झोप बरी लागती."

एका दुपारी मी नळावरून डोक्यावर घागर घेऊन मागच्या अंगानं आले. अण्णा छपरावर होते. उघड्या पत्र्यावर त्यांनी गोणपाटं अंथरली होती आणि रॉकेलच्या डब्यातून ओंजळीनं पाणी मारत होते. डोक्यावर ओला पंचा, रात्रीची कोळशाची काजळी कानामागं तशीच. तळपाय भाजू नयेत म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर, पण आवाज न करता.

जी वाचणार म्हणून सांगत होता ती सगळी मेहनत हा माणूस रोज दुपारी तिथं ओतत होता.

"अण्णा, मराल की वर," मी म्हणाले. माझा आवाज पहिल्यापासून मोठा.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, वयनी. पोरगं आत्ताच निजलंय." मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "ती घागर तेवढी वर द्या."

दिली.