अप्पांना डिस्कच परवडते

आमच्या शेजारचे अप्पा गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये सिग्नलला थांबतात. बाकीच्या गाड्या धूळ उडवत कधीच पुढं गेलेल्या असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि अप्पा मात्र हातातला रिमोट मांडीवर ठेवून दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसतात. आजवर त्यांनी एकही शर्यत जिंकलेली नाही. पण एकदाही सिग्नल तोडलेला नाही, हे ते आवर्जून सांगतात.

अप्पा म्हणजे वीरभद्रप्पा. वय सदुसष्ट. सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून झाली. नळदुर्गच्या बाजारातले जुने दुकानदार अजूनही त्यांना लांबून बघितलं की तराजूचं पारडं पुसायला घेतात. अप्पांचं बोलणं मराठी, पण प्रश्न पडला की तोंडातून कानडी निघतं: "याक?" म्हणजे का. दिवसातून दहादा तरी निघतं.

गेमचं यंत्र त्यांच्या मुलानं आणलं. विश्वनाथ बेंगळुरूला नोकरीला असतो. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, गेल्यावर अप्पा दिवसभर हायवेवरचे ट्रक बघत बसायचे, म्हणून त्यानं आपलं यंत्र आणून टीव्हीला जोडून दिलं. दीड-दोन महिन्यांनी तो यायचा. येताना नवी डिस्क आणायचा, खेळून झालेली परत न्यायचा. तिकडच्या एका दुकानात जुनी डिस्क दिली की नवीचे बरेच पैसे कमी व्हायचे.

मागच्या वर्षी त्याचा फोन आला. म्हणाला, "अप्पा, आता डिस्कचा खटाटोप नको. मी इथूनच पैसे भरतो, गेम इंटरनेटवरून थेट तुमच्याकडं उतरेल."

"किती पडतात?" अप्पांनी विचारलं.

"डिस्कला जेवढे, तेवढेच. पाच हजाराला एक रुपया कमी."

"याक?" अप्पा म्हणाले, आणि तिथून तपास सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "सर, जरा या. पंचनामा करायचाय. तुमी पंच."

मी गेलो तेव्हा टेबलावर पितळी तराजू मांडलेला होता. अप्पांनी डिस्कची डबी पारड्यात ठेवली, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला आणि सांगितलं, "लिवा. डबीसहित ब्याऐंशी ग्रॅम." मग मोठा काटा काढून त्यावर गेमचं यंत्रच चढवलं आणि वजन घेतलं. त्यानंतर फुकटात मिळणारा एक गेम इंटरनेटवरून उतरवायला लावला. आमच्या नळदुर्गातल्या इंटरनेटला त्यासाठी अख्खी दुपार लागली. तेवढ्या वेळात माझे चार चहा झाले. गेम उतरल्यावर यंत्र पुन्हा काट्यावर गेलं. ग्रॅमाचाही फरक नव्हता.

अप्पांनी पंचनाम्यात शेवटची ओळ घातली: 'माल पोहोचला. वजन शून्य.' मी खाली सही केली.

मग त्यांनी गेम विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाची मुलगी होती.

"बाई, डबी न्हाय, छपाई न्हाय, ट्रकचं भाडं न्हाय, दुकानदाराचं कमिशन न्हाय. मग भाव तोच याक?"

ती म्हणाली, "सर, दुकानात जायचा तुमचा त्रास वाचतो ना."

"त्रास वाचिवला. पैसे कुठं वाचिवले?"

"तुमची सूचना नोंदवून घेते, सर."

"बरं, खेळून झाल्यावर ह्यो गेम मला दुसऱ्याला इकता येईल का?"

"नाही सर. तुम्ही गेम विकत घेत नाही, खेळायचा परवाना घेता."

अप्पांनी तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले. "बघा सर. किंमत इक्रीची, अन् माल भाड्याचा. डिस्कच परवडते." त्यांनी लगेच विश्वनाथला फोन करून तसं कळवलं. विश्वनाथ हसला आणि पुढच्या महिन्यात डिस्क घेऊन आला.

पण अप्पांचं कुतूहल संपलं नाही. दर शनिवारी दुपारी मी त्यांच्या टीव्हीवर गेमचं दुकान उघडायचो आणि अप्पा भाव लिहून घ्यायचे. कधी शंभर खाली, कधी पुन्हा वर. "वांग्याचा भाव का उतरतो ते कळतंय. ह्ये कुठं नासतंय?" असं ते मला विचारायचे.

एका शनिवारी मोठा सेल लागला. विश्वनाथ पुढं जो गेम आणणार होता, तो इंटरनेटवर बाराशेला होता. डिस्क दुकानात अजून चार हजारांना. जुनी डिस्क बदलून दिली तरी हिशेब बाराशेच्या जवळपास येत नव्हता.

मी म्हटलं, "अप्पा, मिटला प्रश्न. आता इंटरनेटवरचाच घ्या."

अप्पांनी भाव न लिहिताच पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "सर, ह्ये विश्वाला सांगू नका."

"अहो, निम्म्याहून कमी आहे."

"व्हय. दिसतंय मला." त्यांनी वही मिटली. "डिस्क असली की ती आणून द्यावी लागती. जुनी न्यायला यावं लागतं. ह्ये तिकडून एक बटन दाबलं की झालं. मग त्यानं इकडं कशाला यायचं?"

पाच ग्रॅम कमी भरलं म्हणून या माणसानं सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातली वजनं जप्त केली होती. तो मला भाव लपवायला सांगत होता.

मी टीव्ही बंद केला.

मंगळवारी विश्वनाथचा मलाच फोन आला. मी तेव्हा अप्पांकडंच होतो. "सर, अप्पा म्हणतात अजून डिस्कच परवडते. ऑफिसात लई काम आहे, सुट्टीचं अवघड दिसतंय. तुम्ही भाव बघता ना? खरं आहे का ते?"

अप्पा समोर बसून होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. धोतराचा सोगा चाचपत राहिले.

मी शाळेत तेवीस वर्षं गणित शिकवतोय.

"हो," मी म्हणालो. "डिस्कच परवडते."

विश्वनाथ शुक्रवारी आला, दोन दिवसांची सुट्टी काढून. रविवारी दुपारी मी डोकावलो तर बापलेक दाराच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. अर्धं कानडी, अर्धं मराठी चाललं होतं. काकू शेंगांची चटणी करताना लसूण आधी घालायच्या की नंतर, यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. अप्पांनी सरकून मला जागा केली.

आत टीव्हीशेजारी नवी डबी ठेवलेली होती. तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून कुणी काढला नव्हता.