सतरा अंशांचा आदर

विमान पंखांमुळे हवेत तरंगतं, हा एक व्यापक गैरसमज आहे. विमान तरंगतं ते कागदपत्रांमुळे.

कुरामोची-सानना हे पक्कं ठाऊक होतं. नोकरीची पहिली चोवीस वर्षं त्यांनी जपानच्या क्यूशू बेटावरल्या एका विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानं चढवली-उतरवली, आणि पुढची पंधरा त्याच कामासाठी सॉफ्टवेअर करून घेण्यात घालवली. (चोवीस वर्षांत सुमारे साडेसहा लाख विमानं सुखरूप उतरली. पंधरा वर्षांत सॉफ्टवेअर एक. तेही अजून घिरट्या घालत होतं.)

मनोऱ्यातली जुनी पद्धत अशी: प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी, प्लास्टिकच्या खाचेत बसवून फळीवर लावलेली. एखाद्या विमानाकडे खास लक्ष ठेवायचं असलं की त्याची पट्टी बोटाने जराशी तिरकी करायची. नजर फिरली की ती डोळ्यांत खुपायचीच. या पद्धतीत तीन गंभीर दोष होते. ती फुकट होती, तिला वीज लागत नव्हती आणि ती चालत होती. सबब, बदलायचं ठरलं.

कुरामोची-सानची अट एकच होती: पडद्यावरची पट्टीही तिरकी करता आली पाहिजे. एकतीस मार्चला ते निवृत्त होणार होते. तोवर हे जमलं नाही, तर एकोणचाळीस वर्षांत शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट त्यांच्याबरोबर घरी जाणार होती. आणि घरी बायको काही तिरकं राहू देत नसे.

म्हणून त्यांनी मागणीपत्रात लिहिलं, 'आवश्यक तिथे पट्टी तिरकी व्हावी.' का, ते लिहिलं नाही. मनोऱ्यात ते कुणाला सांगावं लागत नाही. पत्र गेलं सॉफ्टवेअर कंपनीतल्या त्सुकुई-सान या हुशार मुलीकडे. तिने मनोरा फक्त खालून पाहिला होता. 'का' असं विचारणं म्हणजे वडीलधाऱ्यांचं पत्र अपुरं आहे असं म्हणणं, तेव्हा तिने विचारलं नाही. तिला कचेरीतला एकच तिरकेपणा माहीत होता, सहीऐवजी मारतात त्या शिक्क्याचा. कागदावर साहेबाचा शिक्का सगळ्यात डावीकडे. बाकीच्यांनी आपापला शिक्का त्याच्याकडे झुकवून मारायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा. मागणीपत्रावरचे साहेबाखालचे सातही शिक्के तसेच वाकलेले होते. म्हणजे पुरावा हातातच होता.

चौदा मार्चला चाचणी झाली. पडद्यावर एकोणीस आसनांचं बेटावरचं विमान जम्बोपुढे सतरा अंशांत वाकलेलं. मालवाहू विमान प्रवासी विमानापुढे नऊ अंशांत. आणि मधोमध एकच पट्टी खांबासारखी ताठ.

"हे कोण एवढं ताठ?" कुरामोची-साननी विचारलं.

"मंत्रिमहोदय," त्सुकुई अदबीने म्हणाली.

"आणि एखाद्याचं इंधन संपत आलं असेल तर?"

"छोटं असेल तर वाकलेलंच असतं की. मोठं असेल तर... मोठ्यांना कसं वाकवायचं, सर?"

कुरामोची-सान घरी गेले आणि त्यांनी हरकत लिहिली. नियमानुसार ती स्वीकृतीच्या कागदपत्रांना जोडली गेली, पान त्रेचाळीसवर. तीस मार्चला गठ्ठा त्यांच्या टेबलावर आला तेव्हा त्या हरकतीसकट सगळं मान्य असल्याचे दहा शिक्के पहिल्या पानावर पडलेले होते, एकापेक्षा एक नम्र. (दर शिक्क्यामागे सरासरी वाचन चार सेकंद, शाई वाळण्याचा वेळ धरून.) आता फक्त त्यांचा शिक्का राहिला होता, मग विभागप्रमुख इसोगाई-सानचा.

इसोगाई-सान येता-जाता म्हणून गेले होते, "कुरामोची-सान, वर्षअखेर आहे हो. विमान धावपट्टीला टेकताना कुणी परत वर ढकलतं का?"

एकोणचाळीस वर्षांच्या सवयीने मनगट आपोआप डावीकडे वळायला लागलं. कुरामोची-साननी ते दुसऱ्या हाताने धरलं आणि शिक्का मारला. सरळ.

इसोगाई-सानची नजर कागदावरून फिरली आणि अडकली. दहा वाकलेल्यांत एक ताठ! असा अपमान विभागात पूर्वी झाल्याची नोंद नव्हती. आपलं नेमकं काय चुकलं हे शोधायला त्यांनी गठ्ठा वाचायला घेतला, कारकिर्दीत पहिल्यांदाच, आणि दुपारी पान त्रेचाळीसवर पोचले.

सॉफ्टवेअर परत गेलं. (शिक्क्याच्या ताठपणाची चौकशी वेगळी चालू आहे.)

एकतीसला त्सुकुई पहिल्यांदा मनोऱ्यात चढली. कुरामोची-साननी तिच्यापुढे फळी सरकवली. तिने एका पट्टीला बोट लावलं.

"एवढंच?"

"एवढंच. विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"आणि तुम्ही लिहिलं असतंत तर?"

यावर कुरामोची-सान तिच्यापुढे वाकले, चांगले तीस अंशांत.

त्या दहा शिक्केवाल्यांना तुम्ही मघापासून हसताय, ते ठीकच आहे. फक्त आठवून सांगा: मागचं विमानाचं तिकीट काढताना 'सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत' या चौकोनात तुम्ही खूण केलीत, तेव्हा फोनवर तुमची मान किती अंशांत वाकलेली होती?