इशारा मिळाला, धन्यवाद

हवामान धोकादायक असेल तर तसे वैमानिकांना वेळेवर कळवणे, हे माझे काम आहे. विमानतळाच्या मनोऱ्यात, काचेच्या खोलीत बसून मी ते अत्यंत निष्ठेने करतो. माझा आवाज भारदस्त आहे, असे माझे स्वतःचे मत आहे. इशारा देऊन झाला की माझी जबाबदारी संपते. तो कोणाच्या डोक्यात शिरला की नाही, हा विषय आमच्या खात्याकडे येत नाही.

पूर्वी आम्ही वादळ असले तरच वादळ आहे म्हणायचो. मग एकदा एक विमान जरासे हादरले आणि एका प्रवाशाच्या नव्याकोऱ्या पँटवर कॉफी सांडली. त्याने तक्रार केली. चौकशी समिती बसली, तिने पुष्कळ चहा घेतला आणि यापुढे कशाचाही इशारा द्यायचा, असे ठरवून ती उठली. झुळूक आली, इशारा. ढग आले, इशारा. ढग गेले, तर ऊन डोळ्यांवर येण्याचा इशारा. हवा अगदीच चांगली असेल, तर अशा हवेत माणूस गाफील राहतो, म्हणून इशारा. हा शेवटचा मी सुचवला होता आणि त्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

इशारे इतके लांबले की वाचून होईपर्यंत विमान उतरून प्रवासी आपापल्या बॅगा शोधू लागत. मग वैमानिकांत आणि आमच्यात एक समजूतदारपणा आला. मी "इशारा" म्हणायचे, त्यांनी "मिळाला, धन्यवाद" म्हणायचे. तेही मोकळे, मीही मोकळा. प्रत्येक इशाऱ्याची पोच घेणारा मनोरा म्हणून आम्हाला एक मोठी ढाल मिळाली. ती आम्ही खिडकीत उभी केली आहे. तिच्यामुळे त्या बाजूचे आकाश थोडे कमी दिसते, एवढेच.

त्या दुपारी ढग ढालीच्या मागूनच आला. काळाकुट्ट, आणि येऊन बसला तो थेट धावपट्टीच्या तोंडाशी. त्याच्या पोटातला वारा विमानाला उचलून जमिनीवर आपटेल असा आहे, हे यंत्रावर स्पष्ट दिसत होते. आणि जे विमान उतरायला येत होते, त्यात माझी बायको होती. बहिणीचे बाळंतपण उरकून ती घरी परत येत होती.

मी माईक ओढला. "इशारा—"

"मिळाला, धन्यवाद," कॅप्टन म्हणाला.

"कॅप्टन, पूर्ण ऐका. धावपट्टीजवळ धोकादायक—"

"हो हो, धोकादायक. नेहमीचंच. उतरतोय आम्ही."

"अहो, नेहमीचं नाहीये! या वेळी खरंच धोका आहे!"

मागे साहेब येऊन उभे राहिले होते. त्यांनी माझा खांदा दाबला. "'खरंच' कशाला म्हणता?" ते कुजबुजले. "सगळं रेकॉर्ड होतंय. मग आधीचे काय खोटे होते का, असं विचारतील उद्या!"

मुद्दा बिनतोड होता. सांगायला लाज वाटते, पण मी खरोखरच त्याहून मोठा असा एखादा मंजूर शब्द आठवू लागलो. "तीव्र", "अतितीव्र" आणि "गंभीर" हे तिन्ही मी त्याच सकाळी एका झुळकीवर खर्च केले होते. तेवढ्यात विमानाचे दिवे दिसू लागले.

"अहो, माझी बायको आहे त्या विमानात!" मी किंचाळलो. आवाज अजिबात भारदस्त नव्हता. "वर घ्या! हात जोडतो, वर घ्या!"

विमान तत्काळ वर गेले. त्याच्या मागून येणारी विमानेही वळली, त्यांत माझे कोणीच नसताना. ढग बरसून निघून गेल्यावर सगळी सुखरूप उतरली. मी खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलो.

कार्यालयीन माईकवर घरच्या माणसाचा उल्लेख केला, म्हणून मला ताकीद मिळाली. मात्र आजवरच्या इशाऱ्यांपैकी परिणाम झालेला हा एकच, हेही समितीच्या ध्यानात आले. तेव्हा प्रत्येक इशाऱ्याच्या शेवटी "माझी बायको आहे त्या विमानात" असे म्हणावे, असे परिपत्रक निघाले. महिला कर्मचाऱ्यांनी "नवरा" म्हणावे, अविवाहितांनी आईचा उल्लेख करावा आणि ज्यांचे घरात कोणाशीच पटत नाही, त्यांनी सूट मिळण्यासाठी अर्ज करावा. सुरुवातीला विमाने झुळकीलाही घाबरून वळत होती. मग एके दिवशी मी नुसते "माझी बायको" म्हणालो आणि वरून उत्तर आले, "मिळाली, धन्यवाद."

बायकोने मात्र ती उतरली त्याच रात्री घरी तो विषय काढला होता.

"आमच्या कॅप्टननं काय सांगितलं माहितीये? मनोऱ्यातल्या साहेबांच्या घरगुती अडचणीमुळे विमान परत वर नेतोय म्हणे! सगळे हसत होते. मी पण हसले." मग ती हसायची थांबली. "खरं सांगा हं. मी नसते त्यात, तर ओरडला असतात?"

"हो," मी म्हणालो.

"इतक्या पटकन?" तिने विचारले, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तुम्हीही कधीतरी आमच्या धावपट्टीवर उतराल. निर्धास्त या. तुमच्या विमानालाही मी पूर्ण इशारा देईन, शेवटच्या वाक्यासकट, आणि त्याची पोचही घेईन. फक्त बायको हल्ली घरीच असते. तिने विमानात बसणे सोडले आहे.