अनसाबाईंचा कॅमेरा चालत नाही

एका जंगलात, जिथे रेंज फक्त उंबराच्या झाडाखालीच मिळायची, तिथे एक अस्वलीणबाई राहत होत्या. नाव अनसाबाई. त्यांची गुहा उंबराला लागूनच होती, म्हणून सगळं जंगल त्यांना भाग्यवान समजत असे.

मुलांनो, जंगलात रेंज कशी आणि वीज कुठून, असं मध्येच विचारायचं नाही. अस्वल बोलतं ते तुम्हाला चालतं, मग विजेनेच तुमचं काय घोडं मारलंय?

अनसाबाईंना एकच मुलगा. दिगंबर, घरातला दिगू. तो शिकला, हुशार निघाला आणि हुशार मुलं जिथे जातात तिथे गेला. म्हणजे लांब. उत्तरेला पांढऱ्या अस्वलांचा देश आहे. तिथे त्याला बर्फ मोजायची नोकरी लागली. सकाळी बर्फ मोजायचा आणि संध्याकाळी वितळलेला वजा करायचा. काम तसं इज्जतीचं होतं.

दिगू गुणी मुलगा. दर रविवारी न चुकता फोन करायचा.

"आई, जेवलीस?"

"जेवले."

"तब्येत?"

"बरी आहे."

"बाकी काय विशेष?"

विशेष पुष्कळ असायचं. मोहाची फुलं पडायला लागलेली असायची. नाल्यापलीकडे कड्यावर नवं पोळं लागलेलं असायचं. टिटवीचं आणि मुंगसाचं कडाक्याचं भांडण झालेलं असायचं. यातलं आधी काय सांगावं याचा अनसाबाई विचार करायच्या, तोवर दिगू म्हणायचा, "बरं मग, ठेवतो. काळजी घे."

मग त्या फोन हातात धरून थोडा वेळ तशाच बसायच्या. पोरगा आठवण ठेवतो, अजून काय हवं, असं स्वतःलाच बजावायच्या. त्यांना हवं होतं ते एवढंच, की त्याने जरा टेकावं आणि बोलावं. पण आईने असं तोंडाने मागायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती.

एका वर्षी थंडीचे करकोचे दक्षिणेकडे आले, तेव्हा दिगूने त्यांच्याबरोबर एक यंत्र धाडलं. मिटलं की पाटासारखं, उघडलं की आरशासारखं. "आता आपण एकमेकांची तोंडं बघत बोलायचं," असा त्याचा निरोप होता.

अनसाबाई हरखून गेल्या. यंत्र आलं ते नेमकं दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला त्यांनी घरातली हत्यारं पूजेला मांडली. वारूळ उकरायची पहार, मध काढायचा विळा आणि मधोमध नवं यंत्र. झेंडूची फुलं वाहिली, अक्षता वाहिल्या. मग कुंकू लावायची वेळ आली. आता यंत्राचं कपाळ कुठे असतं? बघतात तर वरच्या काठाला, बरोबर मध्यावर, एक बारीकसा काळा ठिपका. करणाऱ्यानेच जागा आखून दिली होती. अनसाबाईंनी तिथे ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं.

कळलं ना तुम्हाला? मला वाटलंच होतं. पण आता गप्प बसा. अनसाबाईंना कळायला अजून अवकाश आहे, आणि पुढचं ओरडून सांगणाऱ्या मुलांना कोणी दुसरी गोष्ट सांगत नाही.

रविवारी यंत्र वाजलं आणि पडद्यावर दिगू आला. अंगात लोकरीचा सदरा, नाकावर बर्फ.

"आई, मी दिसतोय?"

"दिसतोस की रे! किती वाळलास!"

"पण तू दिसत नाहीस. नुसता काळोख आहे. थांब हं. कॅमेऱ्याला तुम्हाला बघू द्यायचं का, असं काही यंत्राने विचारलं होतं?"

"विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"का?"

"ओळख ना पाळख! बाईमाणसाला असं विचारतात का कोणी?"

दिगूने समजूत घातली. अनसाबाईंनी मन घट्ट करून होकार दिला. काळोख होता, तो आता लाल काळोख झाला.

"काहीतरी सुधारणा आहे," दिगू म्हणाला. बिघडलेली वस्तू दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. लहानपणी त्याने बापाचा कंदील तीनदा उघडला होता. "आता यंत्र बंद कर आणि परत चालू कर. मी फोन लावतो. ठेवू नकोस, मला सांगत राहा."

यंत्र बंद व्हायला वेळ लागला. चालू व्हायला त्याहून जास्त लागला. पडद्यावर एक चाक गरगर फिरत राहिलं. ते केव्हा थांबेल याचा नेम नव्हता, त्यामुळे फोन ठेवता येईना. आणि फोन धरून मुकाट तरी किती बसणार?

"तिकडे थंडी आहे का रे?" अनसाबाईंनी विचारलं.

"थंडीचं काय घेऊन बसलीस! इथला सूर्यच गेला आई. आता एकदम उन्हाळ्याच्या तोंडावर येईल."

"अगं बाई! मग उठता कसे?"

"गजर लावून. पण उठायला आधी झोप लागावी लागते ना."

"तुला झोप लागत नाही?"

 हे दिगूने आईला कधी सांगितलं नव्हतं. रविवारच्या फोनात ते मावलंच नसतं.

"नाही लागत," तो म्हणाला. "आणि बर्फात मी एकटाच काळा. उशिरा गेलो की साहेबाला चांदण्यातही मैलावरून दिसतो."

अनसाबाई हसल्या. दिगूही हसला. चाक थांबलं, यंत्र जागं झालं. लाल काळोख जसाच्या तसा होता.

"उद्या बघू," दिगू म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार असूनही त्याने खरोखरच फोन केला.

अनसाबाईंचा कॅमेरा चालत नाही, ही बातमी जंगलभर झाली. शेजारची टिटवी धावत आली. "नवं यंत्र, त्यात परदेशी! दृष्ट लागली, दुसरं काय?" तिने मीठ-मोहऱ्या आणल्या आणि यंत्रावरून ओवाळून टाकल्या. अनसाबाईंना ते पटलं. आपल्याकडूनही देवाधर्माचं काही कमी पडायला नको म्हणून त्या रोज सकाळी यंत्राला ताजं कुंकू लावू लागल्या. कालचं जरा फिकं पडलेलं असायचं.

मग मर्कटराव आले. त्यांना जंगलात सगळे यंत्रांतले जाणकार मानत, कारण ते कुठलंही यंत्र न घाबरता उघडत. त्यांनी दोन्ही हातांनी आणि एका पायाने सगळी बटणं दाबली. यंत्र उलटं धरून झाडलं, कानाशी नेऊन हलवलं.

"आत व्हायरस आहे," ते म्हणाले.

"औषध?"

"याला औषध नसतं. आपोआप बरा झाला तर झाला."

अनसाबाईंनी पुढ्यात ठेवलेले भुईमुगाचे दाणे संपवून ते गेले. त्यानंतर पडद्यावरचं सगळं खाली डोकं वर पाय झालं. दिगूही उलटा दिसायला लागला. ते सरळ करण्यात आणखी कितीतरी फोन गेले.

दिगू आता रोज फोन करू लागला. "माझ्यासारख्याला एक कॅमेरा भारी पडतो म्हणजे काय!" असं म्हणायचा. रोज नवा उपाय, आणि प्रत्येक उपायाला चाक. चाक फिरत असताना अनसाबाईंनी पोळ्याचं सांगितलं, मोहाचं सांगितलं, मुंगसाने टिटवीची माफी कशी मागितली तेही नकलेसकट सांगितलं. दिगूने पांढऱ्या अस्वलांचं जेवण सांगितलं. मासा, मासा आणि सणाला मोठा मासा.

एक दिवस तो म्हणाला, "आई, ड्रायव्हर जुना झालाय. तो काढून टाकू आणि नवा घालू."





"जुनं झालं की काढूनच टाकायचं का रे?"

"अगं, तो कोणी माणूस नाही! तो नुसता... कसं सांगू... कॅमेऱ्याला काम समजावून देतो."

"तुझे बाबाही असेच सगळ्यांना काम समजावून द्यायचे. स्वतः मात्र वारूळ म्हणून दगड उकरत बसले होते एकदा."

दिगूला ते माहीत नव्हतं. बाबा गेल्यापासून दोघांनीही त्यांचा विषय काढला नव्हता. एकाने काढला तर दुसऱ्याला त्रास होईल, असं दोघांनाही वाटायचं. त्या दिवशी नवा ड्रायव्हर उतरेपर्यंत दोघं त्यांच्याबद्दलच बोलत राहिली. मध्ये दोनदा नाक ओढल्याचा आवाज आला. थंडीमुळे, असं दिगू म्हणाला. इकडे थंडी नव्हती, म्हणून अनसाबाई काहीच म्हणाल्या नाहीत.

नव्या ड्रायव्हरनेही लाल काळोखच दाखवला. दोघांपैकी कोणालाच फारसं वाईट वाटलं नाही.

मग दिवाळी तोंडावर आली. अनसाबाईंनी गुहा झाडली, जळमटं काढली, आणि हातासरशी ओल्या फडक्याने यंत्रही पुसून घेतलं. तेवढ्यात ते वाजलं. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना एक म्हातारी अस्वलीण दिसली.

"अगं बाई, ही कोण?"

"आई! दिसलीस!" दिगू खुर्चीतून उडालाच. "सांगत नव्हतो? ड्रायव्हरच होता! नवा जरा उशिरा लागू पडला."

मर्कटरावांनी जंगलाला कळवलं की आपण यंत्र हलवलं होतं त्याचा हा गुण. टिटवीने मीठ-मोहऱ्यांचं माहात्म्य घरोघरी सांगितलं. अनसाबाईंनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ते लालभडक झालं होतं. त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी फडकं हळूच पाठीमागे नेलं.

"छान दिसतेस," दिगू म्हणाला. "चला, एक काम मार्गी लागलं. आता रविवारी बोलूच."

रविवार आला.

"आई, जेवलीस?"

"जेवले."

"तब्येत... दिसतेच आहे म्हणा. बरं मग, ठेवतो."

पूर्वी निदान तब्येत विचारायचा. आता ती दिसत होती, म्हणून विचारायचं कारणही उरलं नाही. अनसाबाई मिटलेल्या यंत्रासमोर बसून राहिल्या. पोराचं चुकलं असं त्यांना वाटलं नाही, पण घास काही गोड लागेना.

पुढच्या रविवारीही तेच. दिगू "बरं मग" म्हणाला आणि त्याचा पंजा बटणाकडे निघाला. अनसाबाईंना राहवलं नाही.

"दिगू," त्या म्हणाल्या, "तुझा आवाज येत नाही रे."

"आवाज येत नाही?"

"अजिबात नाही."

दिगू थबकला. अनसाबाईंना आपली चूक उमगली, पण शब्द तोंडातून गेला होता. जन्मात त्या मधमाश्या सोडून कोणाशी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे सराव कमी पडला. त्यांचे कान खाली आले. त्या आपल्या नखांकडे बघत राहिल्या.

कॅमेरा मात्र आता लख्ख चालत होता. दिगूला खाली आलेले कान दिसले, नखं दिसली, आणि आई किती थकलीय तेही दिसलं. गेल्या रविवारीही त्याने तिला बघितलं होतं, पण नीट पाहिलं आत्ताच.  त्याने बटणावरचा पंजा काढून घेतला आणि खुर्चीत मागे टेकून बसला.

"आई, आवाजाचा बिघाड म्हणजे फार किचकट बघ," तो म्हणाला. "एका दिवसात सापडायचा नाही. रोज थोडा थोडा शोधावा लागेल."

अनसाबाईंनी मान वर केली. "रोज?"

"रोज. आज सुरुवात करू. यंत्र बंद कर आणि परत चालू कर. मी फोन लावतो."

अनसाबाईंना त्याचं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. त्यांनी लगेच बटण दाबलं.

तात्पर्य: कॅमेऱ्यातून दिसेनासं झालं तर आधी भिंग पुसून पाहावं, हे यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलं असतंच. त्यासाठी गोष्ट लागत नाही. आपलं तात्पर्य असं, की लांब राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांची यंत्रं जरूर दुरुस्त करावीत, पण पुरती करू नयेत. आणि मुलगा फारच हुशार निघाला असेल, तर आईने एखादा बिघाड राखून ठेवावा.