गुळाची उगवण

गुळाची उगवणशक्ती किती, असं तुम्ही कधी दुकानदाराला विचारलंय का? आमचे शेषरावकाका विचारतात. गंभीर चेहऱ्यानं, मागं गिऱ्हाइकं ताटकळत असताना.

काका आमच्या शेजारी राहतात. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत पिशव्यांना लेबल शिवण्यात त्यांची हयात गेली. बियाण्याच्या लेबलावर सगळं असतं: जात, शुद्धता, उगवण. त्यामुळं जिच्यावर उगवण लिहिलेली नाही ती वस्तू काहीतरी लपवते, असं काकांचं ठाम मत. यात बिस्किटंही आली.

मध्यंतरी त्यांनी 'सेंद्रिय' मूग आणला, ओल्या फडक्यात बांधला, मोड पाहिले आणि मला हाक मारून निकाल दिला, "मूग जित्ता आहे. सेंद्रिय आहे का न्हाई, ते मुगालाच माहीत."

मी ग्राहक चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. फसवणुकीवर भाषण द्यायला मला माइकसुद्धा लागत नाही. पण परवा नवीन जालन्यातल्या दुकानात काकांनी गुळाची तीन पाकिटं पुढं केली आणि मीच गोंधळले. एकावर 'नैसर्गिक', दुसऱ्यावर 'गावरान', तिसऱ्यावर 'सेंद्रिय'. तिन्हींतला गूळ हळदीसारखा पिवळाधमक. नैसर्गिक गूळ म्हणजे काय, तो उसाला लटकतो? आणि गावरान, तर कोणत्या गावचा? पत्ता तर औद्योगिक वसाहतीतला.

"मागं वाच, पोरी," काका म्हणाले. "खरं असंल ते मागच्या अंगाला असतं."

'सेंद्रिय'च्या मागं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: हे केवळ ब्रँडचे नाव असून त्यावरून मालाचे स्वरूप समजू नये.

मी ते मोठ्यानं वाचलं. काकांनी पाकीट पुन्हा उलटंसुलटं केलं. मग म्हणाले, "मंग मी नाव बदलून डॉक्टर ठेवलं, तर सुया टोचू का लोकांला?"

दुकानदारानं विचारलं, काका, गूळ खायचाय का पेरायचाय? एरवी काकांनी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी तिन्ही पाकिटं गुपचूप फळीवर ठेवून ते बाहेर आले.

"सुनंदा बाळंतपणाला आली," पायरीवर थांबून ते म्हणाले. "डिंकाचे लाडू करायचेत. तिची माय असती तर नुसता जिभंला लावून गूळ वळखला असता. मला जिभंचं कळत न्हाई, लेबलाचं कळतं. अन् जिंदगीभर मी एकच लेबल शिवलं, 'फक्त पेरणीसाठी. खाण्यास वापरू नये.' आता लेकीला बिनघोर खाय म्हणता यील असं एक हुडकून राह्यलो, तर घावंना."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं अंकुशनगरकडच्या एका गुऱ्हाळावर गेले. कढईत काय काय पडतं ते पाहत चुलवणापाशी बसून राहिले, आणि काळपट ढेप घेऊन परतले. लाडू इतके टणक झाले, की सुनंदा ते बत्त्यानं फोडून खाते. पण खाते.

लाडवांच्या डब्याला काकांनी फडकं बांधलंय. त्यावर जाड दोऱ्यानं शिवलेलं लेबल: 'फक्त खाण्यासाठी. उगवण: पुढच्या महिन्यात.'

तेव्हा एवढं करा. दुकानात गेलात की पाकीट उलटं करा आणि मागचं मोठ्यानं वाचा. शेजारी एखादा बाप बारीक अक्षरं लागावीत म्हणून तेच पाकीट हात लांब करून धरून उभा असेल.